इस्त्रीवाल्याचा दुसरा गाल

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ११.

घरी पोचलो. म्हणजे ताईच्या घरी. आठ वर्षं डोंगरातल्या वस्त्यांमध्ये प्रभूचं काम केलेला माणूस कुठेही पोचला तरी घरीच पोचतो.

स्टेशनवर कोणी आलं नव्हतं. हमालाने न विचारता बॅग उचलली. मी त्याची बोटं एकेक करून प्रेमाने सोडवली. तिसऱ्या बोटाचा आवाज आला. त्याच्यासाठी तिथेच उभ्याने प्रार्थना केली. प्रार्थना संपेपर्यंत तो थांबला नाही. लोकांना हल्ली धीरच नाही.

ताईची लाँड्री खाली, बिऱ्हाड वर. मला भट्टीच्या डोक्यावरची खोली. फरशी तव्यासारखी तापते. तक्रार नाही. ताईने पाणी दिलं आणि पहिल्या घोटालाच अट घातली. मिशनने तिलाही पत्र पाठवलं आहे म्हणे. थोरल्या चुलत्याने दार लावलं, धाकट्या भावाने लावलं, आता हे शेवटचं दार उरलं आहे असं तिचं गणित. तिचं दुकान दोनच गोष्टींवर चालतं, एक भट्टी आणि दुसरा मौनी. पुढचं वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवतो: “भट्टी बिघडली तर दुरुस्त करता येते. मौनीला बोट लावलंस, तर त्याच दिवशी बॅग उचलायची आणि चालायला लागायचं.”

मौनी म्हणजे तिचा इस्त्रीवाला. बोलत नाही म्हणून मौनी. मी त्याला बोट का लावीन? ताईला लहानपणापासून अतिशयोक्तीची सवय.

संकल्प. एक: राग नाही. दोन: हात वर नाही. तीन: समोर येईल त्या प्रत्येकात प्रभूचा चेहरा पाहायचा. (हमाल संकल्पाच्या आधीचा.)

मिशनवरून मी थकव्यामुळे परतलो. हे एकदा इथे नमूद करून ठेवतो. थकवा.

४ फेब्रुवारी. दुपार.

दुकानाचं निरीक्षण केलं. पुढे काउंटर, तिथे भाची. वय एकोणीस, जीभ चाळिशीची. मागे भट्टी, पिळण्याचं यंत्र, दोऱ्या. मधे मौनीचं लांब टेबल आणि बाजूला वाफेची प्रेस. खाली गादी, वर तापलेला पत्रा. पायाने दट्ट्या दाबला की वरचा पत्रा फुस्स करून खाली बसतो आणि चादर एका दमात सपाट. हॉस्पिटलच्या सगळ्या चादरी याच्यावर होतात. दर सोमवारी सकाळी गाडी येते. चादरी तयार नसतील तर हॉस्पिटल दुसऱ्या लाँड्रीकडे जाईल, आणि मौनीसारखा हात गावात दुसरा नाही. हे भाचीने सांगितलं. मी तिला म्हणालो, मी या घरात प्रकाश घेऊन आलो आहे. ती म्हणाली, मामा, दिवे आहेत आमच्याकडे.

मौनी पन्नाशीचा, काटकुळा, भिंतीकडे तोंड करून भाकरी खातो. इस्त्री अशी रेटतो की शर्टाच्या कॉलरने काहीतरी कबूल करावं. माझ्या अनुभवी नजरेतून सुटलं नाही. या माणसाच्या आत राग आहे. दाबलेला, जुना, वाफेसारखा. माझं इथलं काम मला सापडलं.

६ फेब्रुवारी.

मौनीशी तीन तास बोललो. सूड, क्षमा, साम्राज्यं कशी बुडाली, द्वेषाने माणूस आतून कसा सडतो. बोलताना माझा आवाज असा लागला की रस्त्यावरची दोन माणसं थांबली. (नंतर कळलं, ती त्यांचे पायजमे न्यायला आली होती.) मौनीने सतरा शर्ट केले. शेवटी मी विचारलं, तुला काय वाटतं? तो म्हणाला, जरा बाजूला सरा, वायर तुमच्या पायाखाली आहे.

राग. स्पष्ट राग.

९ फेब्रुवारी, रविवार.

उपासनेला गेलो. पाळक पोरसवदा आहे, मला ब्रदर म्हणतो. त्याच्या प्रवचनात ना वीज ना गडगडाट. हातात कागद. कागद! मी डोंगरात पावसात भिजत दोन दोन तास बोललो आहे, समोर तीन म्हशी असताना.

पुढच्या बाकावर एक गृहस्थ झोपले होते. मला त्यांची दया आली. हलकेच उठवलं. त्यांचं नाक समोरच्या लाकडी पाठीवर आपटलं ते त्यांच्या झोपेच्या भरामुळे. रक्त बरंच आलं, पण जागे झाले हे महत्त्वाचं. त्यांच्या पत्नीने मला स्तोत्रांच्या पुस्तकाने डोक्यात मारलं. जाड आवृत्ती होती. मी हात वर केला नाही. फक्त पुस्तक काढून घेतलं. तिचं मनगट आपोआप पिरगाळलं गेलं.

उपासनेनंतर पाळकाने बाजूला घेतलं. मी साक्ष देण्याची इच्छा सांगितली. मिशनचा माणूस परतल्यावर मंडळीसमोर उभा राहून आपली साक्ष देतो, ही जुनी रीत आहे. तो बराच वेळ बुटांकडे पाहत होता. मग २ मार्चचा रविवार दिला. वीस मिनिटं. विषय करुणा. म्हणाला, ब्रदर, हात खिशात ठेवून बोलाल का? विनोदी आहे पोरगा.

१२ फेब्रुवारी, बुधवार. दुपारी २.

साक्षीची तयारी. पहिली दहा मिनिटं डोंगर. पुढची दहा मिनिटं जिवंत उदाहरण हवं. उदाहरण म्हणजे मौनी. आतल्या रागावर विजय मिळवलेला साधा श्रमिक, मी घडवलेला. मंडळी रडेल.

ताई हॉस्पिटलात हिशोबाला गेली होती. मी मौनीला दुसऱ्या गालाची शिकवण अर्धा तास समजावली. त्याने मान हलवली, पण तशी मान तो वायर काढतानाही हलवतो. समजलं की नाही कसं कळणार? शिकवणीला प्रात्यक्षिक लागतं. पोहणं कोणी फळ्यावर शिकत नाही.

मारली एक. उघड्या तळव्याने. (ताई बोट म्हणाली होती.)

आवाज छान घुमला. मौनी टेबलावरून घसरत खाली गेला. एक गोष्ट विलक्षण. पडता पडता त्याने इस्त्री उभी करून ठेवली, मगच पडला. शर्टाला डागसुद्धा नाही. उठला, ओठ पुसला, बाही ओढली, पुढचा शर्ट घेतला.

दुसरा गाल पुढे केला नाही. शिकवण अजून कच्ची.

संध्याकाळी ६. ताईने विचारलं, तोंडाला काय झालं. मौनी म्हणाला, साबणाच्या पाण्यावरून घसरलो. खोटं बोलला. याच्यावरही काम करावं लागणार.

१५ फेब्रुवारी, शनिवार.

करुणेचा मोठा दिवस. डोक्याला चार टाके.

बसच्या शेडखाली एक म्हातारा थंडीत कुडकुडत बसतो. इकडे दुकानात कोटांची अख्खी रांग लटकते आहे. एका राखाडी कोटाची चिठ्ठी आठ दिवस जुनी होती. आठ दिवस ज्याला कोट लागला नाही, त्याला तो कशाला हवा? नेऊन म्हाताऱ्याच्या अंगावर घातला. त्याच्या डोळ्यांत जे दिसलं ते शब्दांत मावणार नाही. साक्षीत मात्र मावेल. तीन मिनिटं.

तासाभराने कोटाचा मालक बसमधून नेमका तिथेच उतरला. ड्रायव्हिंग शिकवणारा आहे, मान बैलासारखी. त्याने सरळ बाही धरून ओढली. म्हातारा त्याच्या हाताला चावला. मी मध्ये पडलो. गरिबाची बाजू घेणं माझ्या रक्तातच आहे. मालकाची मान काखेत घेतली आणि त्याला संपत्तीच्या क्षणभंगुरतेबद्दल चार शब्द सांगितले. तो निळा पडेपर्यंत ऐकत होता. माझ्या मते पटत आलं होतं. तेवढ्यात म्हाताऱ्याचा समज झाला की कोट मलाच हवा आहे. त्याने बाटली फोडली. माझ्या डोक्यावर.

मालकाने उठून मला मारलं. मी त्याला मारलं. म्हाताऱ्याने दोघांना मारलं. कोटाची बाही शेवटी कोणाकडेच राहिली नाही, गटारात गेली.

ताईने रात्रभर बसून नवी बाही लावली. भाची म्हणाली, मामा, पुढच्या वेळी आजोबांना कोट देण्याआधी तुम्ही हेल्मेट घाला, म्हणजे सेट पूर्ण होईल. उत्तर दिलं नाही. संकल्प एक.

२० फेब्रुवारी, गुरुवार.

पाळकाने बोलावलं. टेबलावर मिशनचं पत्र, तीन पानं. त्याने मला फक्त एक प्रश्न विचारला. स्वयंपाक्याचं काय?

एवढ्या मोठ्या आठ वर्षांतून लोकांना स्वयंपाकीच कसा सापडतो? झालं ते इतकंच. मुलांच्या दुधाच्या पावडरचा डबा गायब झाला. दूध कुपोषित मुलांचं. मी विचारलं, स्वयंपाकी नाही म्हणाला. पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. मग माझ्या हातात कढईचा झारा होता. करुणेपोटी मारलं मी, मुलांविषयीच्या करुणेपोटी. त्याला एका कानाने आता ऐकू येत नाही. दोन दात.

डबा नंतर पोत्यांच्या मागे सापडला. पण तो मुद्दा वेगळा.

हे सगळं मी पाळकाला उभं राहून सांगितलं. बोलता बोलता टेबलावर मूठ आपटली, फुलदाणी गेली. त्याने तुकडे गोळा केले. मग म्हणाला, साक्ष द्या ब्रदर, पण हे सांगा. हेच सांगा, एवढंच.

त्याला वक्तृत्वातलं काही कळत नाही.

२३ फेब्रुवारी.

भट्टीसमोर साक्षीचा सराव. एकोणसाठ मिनिटं झाली. स्वयंपाक्याचा भाग एका ओळीत बसवला: “एका बांधवाच्या निमित्ताने प्रभूने माझी परीक्षा पाहिली.” सुटसुटीत आहे. दातांचा उल्लेख लयीत बसत नाही.

नवी कल्पना. साक्षीच्या शेवटी मौनी व्यासपीठावर येईल. मी सांगेन, या माणसाला मी एकदा मारलं. मौनी सगळ्यांसमोर मला क्षमा करेल. आम्ही मिठी मारू. पेटी वाजेल. मग स्वयंपाकी कोणाच्या लक्षात राहणार?

मौनीला विचारलं. नाही म्हणाला. रविवारी चादरी असतात.

मी त्याला विनवलं. मग समजावलं. मग त्याच्या टेबलावर अशी थाप मारली की खळीचं भांडं उलटून त्याच्या पायावर पडलं. गरम होतं. तो भाजलेला पाय बादलीत घालून उरलेले शर्ट एका पायावर उभा राहून करत होता. बगळ्यासारखा. इतका हट्टी माणूस मी डोंगरातही पाहिला नाही.

ताईला त्याने सांगितलं, भांडं माझ्याच हातून सांडलं. ताईने त्याच्या पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. काही बोलली नाही. ताई बोलते तेव्हा मला भीती वाटत नाही.

२ मार्च, रविवार. सकाळी ८.

आजचा दिवस! पांढरा शर्ट. मौनीनेच इस्त्री केला, कोणी सांगितलं नव्हतं. पाहा, आतून बदलतोय. घसा मोकळा, शब्द तयार. ताई आणि भाची पुढे निघतील. मी मौनीला घेऊन येतो. तो नको म्हणतोय, पण नको म्हणणाऱ्याला हाताला धरून नेणं हीच तर मिशनची गोष्ट आहे. आज मंडळीला कळेल करुणा काय असते.

२ मार्च. दुपारी ४. डाव्या हाताने.

अक्षर लागत नाही. उजवा हात पट्टीत. थोडक्यात लिहितो.

मौनीला म्हणालो, चल. तो चादर पसरत होता. कॉलर धरली. त्याने टेबलाचा पाय धरला. मी ओढलं. तो सुटेना. त्याच्या बरगड्यांत गुडघा घातला, तरी सुटेना. तोंडातून ब्र नाही. मी ओरडत होतो, क्षमा कर, सगळ्यांसमोर क्षमा कर. ओढताना तोल गेला. तोल सावरायला उजवा हात प्रेसच्या गादीवर टेकला. पाय दट्ट्यावर. माझाच पाय.

वरचा पत्रा खाली बसला.

तो आवाज लिहीत नाही.

पत्र्याची मूठ पलीकडच्या बाजूला असते. फिरून जायला वेळ नव्हता. मौनीने दोन्ही हातांनी तापलेला पत्राच धरला आणि वर उचलला. उघड्या हातांनी. माझा हात निघाला. त्याच्या तळव्यांची कातडी पत्र्यावर राहिली.

आणि मग. वेदनेने मला काही दिसत नव्हतं, हे लक्षात घ्यावं. समोर होता तो. मी डाव्या हाताने त्याच्या तोंडावर मारलं. जोरात. नाक गेलं. रक्ताचे थेंब चादरीवर पडले. त्याने कोपराने ती चादर बाजूला सारली, बाकीच्यांना डाग लागू नये म्हणून. मग माझ्याकडे तोंड केलं. न मारलेली बाजू पुढे. महिन्याभरात तो माझ्याशी इतकं एकदम कधी बोलला नव्हता:

“दुसराही मारून घ्या, साहेब. मग मला चादरी संपवू द्या.”

मी मारला.

का ते माहीत नाही. हात उठलेलाच होता.

दारात ताई उभी होती. भाचीही. आम्ही येत नाही म्हणून परत आल्या होत्या.

३ मार्च, सोमवार.

दवाखान्यातून आलो तर बॅग पायरीवर. चेन लावलेली, वर माझा पांढरा शर्ट घडी घालून. ताई दारात. मी बोलायला तोंड उघडलं, तिने हाताने थांबवलं. म्हणाली, तुझं बोलणं मी चाळीस वर्षं ऐकलं, ज्याचं कधी ऐकलं नाही त्याला आज विचारते. आणि मौनीला हाक मारली.

तो आला. दोन्ही हात पांढऱ्या बोळ्यांसारखे, नाकावर पट्टी. ताईने विचारलं, हा राहू दे की जाऊ दे?

मौनीने चादरींच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. म्हणाला, “राहू द्या, बाई. चादरीचं दुसरं टोक धरायला कोणीतरी लागेल.”

क्षमा! शब्द वेगळे, पण अर्थ तोच. माझी शिकवण फळाला आली. बॅग वर नेली. कोणी उचलू लागलं नाही.

हॉस्पिटलची गाडी सकाळी आली तेव्हा चादरी तयार होत्या म्हणे. ताई आणि भाचीने रात्री केल्या, मौनी बाजूला बसून डोळ्यांनी दाखवत होता. पाळकाचा निरोप: माझ्या वेळात मंडळीने दोन गीतं जास्त गायली. सगळ्यांना फार आवडलं.

६ मार्च.

काम असं. सकाळी साडेसहाला भट्टी पेटवायची. मग डाव्या हाताने चादरीचं टोक धरून उभं राहायचं. दुसरं टोक भाची धरते. मौनी भुवईने सांगतो: वर, खाली, ओढ. मी त्याला एक सूचना केली की ओढण्याआधी झटकलं तर बरं. त्याने भुवई खाली केली.

मी आता त्याचा सहकारी आहे. खरं तर मार्गदर्शक, फक्त चादरीच्या बाबतीत नाही.

१० मार्च, सोमवार.

माझ्यावर उपकार राहू नयेत म्हणून रोज सकाळी भट्टी पेटवली की मौनीसमोर जातो आणि गाल पुढे करतो. म्हणतो, मार. हिशोब मिटव. तो आपल्या पट्ट्यांकडे पाहतो आणि मान हलवतो. तिसऱ्या दिवसापासून मी हे जरा मोठ्याने म्हणतो, काउंटरवर गिऱ्हाईक असताना. एका बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. (शेजारी ताई धुण्याचा सोडा कालवत होती, पण तरी.)

भाची म्हणाली, मामा, हात बांधलेल्या माणसाकडे मार मागणं म्हणजे उपवास असणाऱ्याला जेवायला बोलावणं. तो मुद्दा वेगळा.

मौनी मारणार नाही. असा माणूस मारत नाही. मला माणसं कळतात.

१४ मार्च, शुक्रवार.

आजही गाल पुढे केला. आठवा दिवस. मन अतिशय शांत. पाळकाला निरोप दिला की साक्षीसाठी मी पुन्हा तयार आहे, आता तर खरं उदाहरण मीच आहे. करुणा म्हणजे काय, ते माझ्या गालाकडे पाहून कळावं. पाळकाने उत्तर पाठवलं, बघू.

१५ मार्च, शनिवार. दुपार.

आज सकाळी मौनीच्या हातांची पट्टी निघाली.

मला माहीत नव्हतं. भट्टी पेटवली, नेहमीसारखा समोर गेलो, गाल पुढे केला, मोठ्याने म्हणालो, मार. काउंटरवर दोन गिऱ्हाइकं होती. भाची चिठ्ठ्या लावत होती. ताई निळीचं पाणी ढवळत होती.

मौनीने इस्त्री उभी करून ठेवली. बटण बंद केलं. नव्या गुलाबी तळव्यांकडे एकदा पाहिलं. बोटं उघडली, मिटली.

मी पिळण्याच्या यंत्राला जाऊन आदळलो. एक दाढ बाहेर. कानात अजून शिट्टी वाजते आहे. इस्त्रीवाल्याचा खांदा काय असतो, ते मला कोणी सांगितलं नव्हतं.

ताईने ढवळणं थांबवलं नाही.

मौनी माझ्याजवळ आला, वाकला. मी पाहिलं तर माझा चांगला हात माझ्या दुसऱ्या गालावर होता, गच्च झाकून.

त्याने विचारलं, “दुसरा?”

मी नको म्हणालो.